चौथ्या तलावाची पाहणी

अकरा ऑक्टोबर २०२०, रविवार. त्या दिवशी बाबा अ‍ॅमस्टरडॅमच्या बॉसमधली एकच टेकडी सायकलवरून नऊ वेळा चढले, आणि नवव्यांदा खाली आल्यावर सायकल उभी करून म्हणाले, "दीपा, ही शुद्ध फसवणूक आहे."

"कोणाची?"

"आयर्लंडची."

बॉस म्हणजे शहराच्या दक्षिणेला माणसांनी लावलेलं जंगल. बुइटनव्हेल्डर्टमधल्या माझ्या घरापासून सायकलने पंधरा मिनिटांवर. त्यातली टेकडीही माणसांनीच माती टाकून रचलेली, जेमतेम पंधरा मीटरची. बाबांच्या वहीप्रमाणे आम्हाला एकूण सहाशे दहा मीटर चढायचं होतं, म्हणजे एकेचाळीस खेपा. मी सहाव्या खेपेला खाली बाकावर बसले होते. शेजारी एक डच आजीबाई कुत्र्याची दोरी धरून केव्हाच्या उभ्या होत्या. दीड मीटरचं अंतर राखून त्यांनी मला विचारलं, "त्या गृहस्थांचं वर काही हरवलंय का?"

"नाही. ते आयर्लंडला गेलेत."

"अच्छा," त्या आभाळाकडे बघत म्हणाल्या. "मग पाऊस येईल."

बाबांना हे सांगितल्यावर ते एवढे हसले की त्यांना हँडलवर डोकं टेकवावं लागलं. मग डोळे पुसून त्यांनी मुद्दा पूर्ण केला. "एकाच टेकडीवर एकेचाळीस वेळा चढणं म्हणजे काय सांगू? कालव्याच्या एकाच दारापाशी उभं राहून एकेचाळीस दारांची पाहणी लिहून टाकणं. होते असे लोक आमच्या खात्यात. मी नव्हतो."

"मग आता?"

"खरे चढ कुठं आहेत या देशात?"

"मास्ट्रिख्टकडे. पार दक्षिणेला. ट्रेनने अडीच तास."

"सायकली ट्रेनमध्ये घेतात?"

"घेतात."

"मग शनिवारी जाऊ. अठ्ठावीसचं माझं विमान, त्याआधी हे काम मोकळं होते."

संध्याकाळी मी वरण-भात आणि वांग्याची भाजी केली. गोंदियाहून माझ्या दादाचा, सुमितचा, व्हिडिओ कॉल आला. त्याच्या मांडीवर सात आठवड्यांची लतिका होती. बाबांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला आणि म्हणाले, "नाक लताचं आहे." लता म्हणजे आमची आई. ती जाऊन चार वर्षं झाली होती. लतिका जांभई देऊन झोपली. तरी बाबांनी आणखी पाच मिनिटं फोन तसाच धरायला लावला.

सोमवारी सकाळी त्यांनी चहा मागितला नाही.

हृदय होतं. झोपेतच, असं आमच्या डॉक्टर म्हणाल्या. कोविड नव्हता. लोक अजूनही आधी तेच विचारतात, म्हणून सांगून टाकते.

आयर्लंडची गोष्ट नीव्हमुळे सुरू झाली. नीव्ह झुइडास भागातल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. ती लीट्रिम नावाच्या आयरिश परगण्यातली. तिथे दर दोन गावांमागे एक तलाव आहे. बाबा फेब्रुवारीत महिनाभरासाठी आले तेव्हा मी त्यांना ऑफिस दाखवायला नेलं होतं. वडील कालवा निरीक्षक होते, गोंदियाच्या तलावांवर एकतीस वर्षं सायकलने फिरले, असं मी नीव्हला सांगितलं, तशी ती खुर्ची वळवून बसली.

"आमच्याकडे जमीन एकरावर विकत नाहीत," ती म्हणाली, "लिटरवर विकतात."

मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, "तिला सांग, आमच्याकडे मे महिन्यात तलावात क्रिकेट खेळतात."

दुसऱ्या दिवशी तिने एक पुस्तिका आणून दिली: तळ्यांच्या मुलखातले चार सायकलमार्ग, प्रत्येक एका तलावाला वळसा घालणारा. प्रत्येक मार्गाचा नकाशा, कुठल्या किलोमीटरला कुठलं गाव, कुठे चढ, कुठे चहा. बाबांनी ती चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली. इंग्रजी त्यांना खात्यातल्या परिपत्रकांपुरतं येत असे, पण त्या पुस्तिकेची भाषा परिपत्रकाचीच होती.

त्यांचं परतीचं तिकीट पंधरा मार्चचं होतं. दादाने फोन करून ते पुढे ढकलायला लावलं. "बाबा, एवढे गेले आहात तर आयर्लंड पाहूनच या. पुन्हा कधी जाल? मे मध्ये दीपाला सुट्टी आहे." तिकीट मे महिन्याचं झालं. बावीस मार्चला भारतातली विमानं बंद झाली, आयर्लंडचीही रद्द झाली, आणि बाबा माझ्या दोन खोल्यांच्या घरात अडकले.

पहिले पंधरा दिवस ते खिडकीशी बसून समोरच्या कालव्याची पातळी बघत होते. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा. पातळी हलत नव्हती. "कोण सांभाळते एवढं नेमकं?" ते मला विचारत, आणि मी मीटिंगमध्ये असे. सोळाव्या दिवशी त्यांनी पुस्तिका उघडली, मोजपट्टी घेतली आणि जाहीर केलं की आयर्लंड येत नसेल तर आपण आयर्लंड इकडे आणू.

पद्धत अशी. वहीत दोन रकाने. डावीकडे आयरिश रस्त्यावरचं ठिकाण आणि किलोमीटर, उजवीकडे तेवढ्याच अंतरावरचं इथलं ठिकाण. आयर्लंडमधलं एक खेडं म्हणजे आल्समीरच्या तलावाकाठचा पाण्याचा मनोरा. तिथला पडका किल्ला म्हणजे आउडरकर्कचा पूल. तिकडे तलाव उजव्या हाताला असेल तर इकडेही तो उजव्याच हाताला हवा. पुस्तिकेत जिथे चहाचं चित्र, तिथे आमचा थर्मास आणि चिवडा, त्याआधी नाही. किलोमीटर पूर्ण झाल्यावर बाबा लिहीत: 'प्रत्यक्ष पाहणी केली', आणि सही. न पाहिलेल्या गोष्टीवर सही करायची नाही, हा त्यांचा नोकरीतला एकमेव नियम होता, आणि त्यापायी त्यांची दोनदा बदलीही झाली होती.

मला त्यासाठी एक जुनी रेसिंग सायकल विकत घ्यावी लागली. बाबांना मी माझी उंच हँडलची डच सायकल दिली. तिच्यावर ते ताठ बसून, धोतराला नव्हे तर पँटला क्लिप लावून, आपण साहेबांच्या आधी पोचायचं आहे अशा चालीने चालवत. तंग कपड्यांतले शर्यतवाले मागून ओरडत यायचे, "डावीकडून!" बाबा त्यांना हात वर करून "जय भीम" म्हणत. एप्रिल संपेपर्यंत दोघेतिघे उलट हात वर करू लागले होते.

पहिल्याच फेरीत एक गंमत झाली. इथे सायकलच्या रस्त्यांवर चौकाचौकात हिरव्या आकड्यांच्या पाट्या असतात. आकडे बघत जायचं, म्हणजे वाट चुकत नाही. मी फोनवर बोलत होते, म्हणून बाबांना पुढे जाऊ दिलं. "एकसष्टपाशी थांबा," मी म्हणाले. एकसष्टपाशी पोचले तर बाबा नाहीत. अर्ध्या तासाने फोन आला.

"मी एका काचेच्या घरात आहे."

"कुठे?"

"फुलं आहेत. माणूस चांगला आहे, त्यानं कॉफी दिली. पण बासष्ट नाही म्हणते."

घोळ असा होता की कालव्यावर पाणी सोडण्याच्या दारांना मुखापासून शेपटापर्यंत ओळीने आकडे असतात. एकसष्टच्या पुढे बासष्टच. एकतीस वर्षं ते त्या आकड्यांमागून चालले होते. इथले आकडे कसेही टाकलेले. एकसष्टनंतर सतरा येतो, मग चव्वेचाळीस. बाबा एकसष्टपाशी थांबले, मी दिसले नाही, म्हणून शिस्तीत बासष्ट शोधत निघाले आणि आठ किलोमीटरवर एका फुलशेतीवाल्याच्या हरितगृहात शिरले. मी पोचले तेव्हा दोघं एका पाइपच्या सांध्यावर वाकून चर्चा करत होते. एक मराठीत, एक डचमध्ये. सांधा गळत होता, यावर दोघांचं एकमत होतं.

"हे आकडे कोणी टाकले?" परतताना बाबा विचारत होते. "ना मुख ना शेपूट."

त्याहून मोठा धक्का त्यांना आल्समीरला बसला. तिथे रस्ता खाली आहे आणि बांधापलीकडे पाणी वर. होडी आपल्या डोक्याच्या उंचीवरून जाते. बाबा सायकलवरून उतरले, बांधावर चढले, दोन्हीकडे पाहिलं, पुन्हा खाली आले.

"पाणी वर, गाव खाली. हे मंजूर कोणी केलं?"

"चारशे वर्षं होत आली असतील, बाबा. असंच आहे."

"म्हणजे मंजूर करणारा सुटला."

तरी त्यांनी तो बांध पुढे दोन किलोमीटर पायी पाहिला. एका जागी त्यांना बिळं दिसली. घूस की ससा, ते सांगता येईना, पण बांधात बीळ म्हणजे बीळ. त्यांनी जागा वहीत टिपली, आणि मला त्या भागातल्या पाणी मंडळाला पत्र लिहायला लावलं. 'निवृत्त कालवा निरीक्षक, गोंदिया' अशी सही. मी लाजत पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं: माणूस जाऊन पाहून आला, बिळं सशांची होती, बुजवली आहेत, निरीक्षक महोदयांचे आभार. बाबांनी ते दादाला वाचून दाखवलं, शेजारच्या काकांना वाचून दाखवायला दादाला सांगितलं, आणि दोन दिवस सायकलला हात लावला नाही. कौतुक पचवायला त्यांना वेळ लागत असे.

जूनअखेरपर्यंत असे दोन मार्ग झाले. दर शनिवारी सकाळी निघण्याआधी बाबा विचारत, "यादीत काही आलं?"

यादी म्हणजे परदेशात अडकलेल्यांना घेऊन जाणाऱ्या खास विमानांची. मी एप्रिलमध्येच त्यांचं नाव नोंदवलं होतं. दर दोन-तीन दिवसांनी मेल लिहीत होते, हे खरं आहे. दादाचा फोन रोज येई. वहिनीला, नीलमला, दिवस गेलेले होते, ऑगस्टची तारीख होती, आणि घरात मोठं माणूस कोणी नव्हतं. "काही कर, दीपा," तो म्हणे. "तुझ्या तिथं ओळखी असतील." माझ्या ओळखी नीव्हशी आणि आता एका फुलशेतीवाल्याशी होत्या.

तेरा जुलैला, सोमवारी दुपारी, मेल आली. शिवाजी वासनिक, वय सदुसष्ट, शनिवार अठरा जुलैच्या विमानात जागा आहे. चोवीस तासांत होकार कळवा.

बाबा तेव्हा गॅलरीत होते. सायकल उलटी ठेवून साखळीला तेल देत होते आणि तिसऱ्या मार्गातल्या एका वळणाबद्दल माझ्याशी काचेतून खुणांनी बोलत होते. मी मेल वाचली. बंद केली. पुन्हा उघडून वाचली. मग गॅलरीत गेले आणि त्या वळणाबद्दल बोलले.

मी विसरले नव्हते. हे स्पष्ट लिहिणं मला भाग आहे, कारण पुढे कित्येकदा मी स्वतःला 'कामाच्या गडबडीत राहून गेलं' असं सांगून पाहिलं. मंगळवारी दुपारपर्यंत मी घड्याळ बघत होते. दोन वाजले, सव्वादोन झाले, मुदत गेली. त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "यादीत काही?" मी म्हणाले, "नाही."

माझी समजूत अशी होती की पुढची यादी दहा-बारा दिवसांत येईल. ती आली, पण तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. पुढचीतही नव्हतं. बावीस ऑगस्टला लतिका झाली. बाबांनी तिला फोनच्या काचेत पाहिलं आणि त्या दिवशी एकटेच कालव्याकाठी लांब फिरून आले. परत आल्यावर म्हणाले, "तिसरा मार्ग या शनिवारी उरकू."

सप्टेंबरमध्ये पॅरिसमार्गे जाणारी साधी विमानं सुरू झाली. दादाने तिकीट शोधलं, तर बाबाच म्हणाले, "चौथा राहिला आहे, चढांचा तो. तीन पाहून चौथा सोडला तर वही अर्धी राहते. ऑक्टोबरच्या शेवटी येतो." म्हणजे ते शेवटचे सहा आठवडे त्यांनी स्वतः घेतले होते. मी या गोष्टीचा पुष्कळ आधार घेतला. पण अठरा जुलैला ते गेले असते तर नात जन्मली तेव्हा ते दवाखान्याच्या बाहेर उभे असते, आणि ऑक्टोबरपर्यंत रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेतलं असतं. चौथ्या मार्गाने हे बदलत नव्हतं.

बारा ऑक्टोबरनंतरच्या आठवड्याबद्दल थोडंच सांगते. दाहगृहात मोजकीच माणसं चालत. मी, नीव्ह, आणि इथल्या आपल्या लोकांपैकी प्रसन्न आणि ऋजुता. त्रिशरण-पंचशील मी म्हटलं आणि दादाने फोनवरून. त्याचा आवाज अर्धा सेकंद मागे येत होता. त्यामुळे प्रत्येक ओळ दोनदा म्हटली गेली. नंतर नीव्हने बॅगेतून तिच्या गावाकडचा केक काढला आणि म्हणाली, "तुझे वडील लीट्रिममध्ये न येता आमच्या काउन्सिलपेक्षा जास्त रस्ते फिरले." मी हसले. त्या आठवड्यात तेवढंच.

मग दादाचं कौतुक सुरू झालं. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. गोंदियाच्या विहारात पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्याने उभं राहून सांगितलं की माझ्या बहिणीने बाबांना परत पाठवण्यासाठी चाळीस मेल केल्या, दाराशी आलेल्या यमालाही तिने अर्ज करायला लावला असता. व्हिडिओत लोक माना हलवत होते. सरलामावशीने रडत फोन केला, "बाई, तू लेकीचं नव्हे, लेकाचं केलंस." मी "हो" म्हणाले. मेल चाळीस नव्हत्या, त्रेपन्न होत्या. त्रेपन्न मेलींना आलेल्या एका उत्तराबद्दल मी कोणाला काही बोलले नाही. मी डिसेंबर २०२१ मध्ये गोंदियाला जाऊन आले, दादाच्या समोर वीस दिवस जेवले, आणि तरी नाही.

बाबांची वही माझ्याकडेच होती. दादाने तिचे फोटो मागवून घेतले होते. २०२२च्या मे महिन्यात तो नीलमवहिनी आणि लतिकाला घेऊन आला, तेव्हा विमानतळावर पहिलं वाक्य हेच: "चौथा कधी करून राहिलो आपण?"

दादा वीज कंपनीत अभियंता आहे, वजन ब्याण्णव किलो, आणि सायकलवर तो दहावीनंतर बसलेला नाही. मास्ट्रिख्टला स्टेशनजवळच्या दुकानात त्याने विजेवर चालणारी सायकल मागितली.

"दादा, हे चालणार नाही. बाबा म्हणाले असते ही पाहणी नाही."

"बाबांचे साहेब जीपमधून यायचे. त्यांची पाहणी चालायची ना?"

"बाबा त्यांना काय म्हणायचे आठवतं?"

"आठवते. पण तोंडावर नाही म्हणायचे. तू पण तोंडावर म्हणू नको."

वहिनी आणि लतिका शहराबाहेरच्या तळ्याकाठी चादर पसरून बसणार होत्या. आम्ही तिथून मागे फिरून निघायचं, टेकड्यांतून चोपन्न किलोमीटर फिरून पुन्हा तिथेच यायचं. लतिकाला बदकांत एवढा रस होता की तिने आम्हाला निरोपही दिला नाही. "आत्याला टाटा कर," वहिनी सांगत होत्या, आणि ती बदकाला टाटा करत होती.

पहिला चढ आइस्डन गावानंतर. रस्ता चेरीच्या बागांमधून वर जातो. पंधरा नव्हे, चांगले शंभर मीटर एका दमात. माझी मांडी भरून आली. दादा बटण दाबून शेजारून शीळ घालत पुढे गेला. तिसऱ्या चढावर त्याची बॅटरी एका टप्प्यावर घसरली आणि त्याने घाबरून ती बंदच केली, परतीला उरावी म्हणून. मग ब्याण्णव किलो आणि पंचवीस किलोची सायकल. तो घोगऱ्या आवाजात गोंदियाच्या सगळ्या कंत्राटदारांना शिव्या देत चढत होता. मागून एक सत्तरीची बाई साध्या सायकलवर आली, "हूप, हूप, जमतंय!" म्हणाली आणि निघून गेली.

"काय म्हणाली ती?"

"जमतंय म्हणाली."

"तिला काय जाते म्हणायला."

माथ्यावर एक बाक होता. खाली मास नदी, दूर बेल्जियम, आणि नदीच्या वळणापाशी ते तळं, नखाएवढं. आम्ही थर्मास काढला. दादाने बूट काढले, पाय गवतात टेकवले आणि बराच वेळ नुसता धापा टाकत बसला. मग हसू लागला. "बाबा इथं आले असते ना, तर आधी म्हणाले असते, एवढा उतार, मग बंधारा काहून नाही?"

"आणि मला पत्र लिहायला लावलं असतं."

"तू लिहिलंही असतंस." त्याने कप खाली ठेवला. "दीपा, एक बोलू? नीलमलाही बोललो नाही."

"बोल."

"पंधरा मार्चचं तिकीट मी बदलायला लावलं. ते सुखानं येऊन राहिले होते. मीच म्हणालो, आयर्लंड पाहून या. मी फोन केला नसता तर ते घरी असते. लतिकाला घेतलं असतं त्यांनी. रोज रात्री निजताना हाच हिशेब होते. डॉक्टरला दाखवलं मी, झोपेच्या गोळ्या देते." तो नदीकडे बघत होता. "तू तरी जिवाचं रान केलंस. मी म्हणून तर सगळ्यांना सांगत असतो तुझं. तुझं सांगितलं की माझं जरा हलकं होते. घरातल्या एकानं तरी काही केलं, असं."

खालून चर्चची घंटा वाजली. एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर वळणावर आला आणि आमच्यासमोरून सावकाश गेला. मी तो पूर्ण जाईपर्यंत थांबले. त्याने हात केला, दादानेही केला.

दादा पन्नाशीकडे झुकलाय, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. दीड वर्ष माझं कौतुक करून तो स्वतःला पुरत होता, आणि मी ते ऐकून घेत होते.

"दादा, तुझा काही दोष नाही," मी म्हणाले.

"तू म्हणशीलच."

"नाही, ऐक. जुलैत जागा आली होती."

तो वळला. "कुठली जागा?"

"विमानात. अठरा जुलैच्या. बाबांच्या नावाने. चोवीस तासांत हो म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. बाबांनाही सांगितलं नाही, तुलाही नाही."

त्याच्या तोंडावर अजून चढाचा घाम होता. तो त्याने बाहीने पुसला. मग अगदी हळू, लहानपणी माझ्याकडून काही फुटलं की विचारायचा तसं, म्हणाला, "काहून?"

मी मेल आल्याची वेळ सांगणार होते, पुढची यादी येईल असं वाटलं होतं, ते सांगणार होते. सगळं तयार होतं, दोन वर्षं तयार होतं. पण त्याने जे विचारलं होतं ते हे नव्हतं.

"मजा येत होती, दादा," मी म्हणाले. "बाबांबरोबर मला इतकी मजा आयुष्यात कधी आली नव्हती. ते जायला नको होते मला."